बारा व्होल्टच्या पेटीतील एलईडीच्या बटणांना किती ओहमचा रेझिस्टर लावावा?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की मालवणजवळच्या घरगुती निवासासाठी तुम्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी स्विचपेटी तयार करत आहात. पंखे, एलईडीचे दिवे आणि पाण्याचा छोटा पंप यांसाठी तीत आतून उजळणारी सहा पुशबटणे बसवली आहेत. बॅटरी जोडताच दोन लाल बटणांतले दिवे क्षणभर लखलखून कायमचे गेले, चार निळी मात्र व्यवस्थित चालू आहेत. सहाही बटणांना मिळून एकच रेझिस्टर (विद्युतप्रवाहाला आवर घालणारा भाग) चालेल का, हेही तुम्ही विचारले आहे.

दोष बहुधा रंगाचा नाही. हीच बटणे बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या सांगाड्यात ३ व्होल्टची, १२ व्होल्टची आणि २४ व्होल्टची अशी विकली जातात. १२ व्होल्टच्या प्रकारात रेझिस्टर आतच बसवलेला असतो, तर ३ व्होल्टच्या प्रकारात नुसती एलईडी असते. तुमची लाल बटणे ३ व्होल्टच्या प्रकारची असावीत. ती टाकून देण्याचे कारण नाही, कारण एलईडीची दोन टोके आणि स्विचचे संपर्क हे विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात. दिवा गेला तरी बटण म्हणून ते उत्तम काम देईल.

यापुढे कोणतेही बटण थेट बॅटरीला न लावता आधी तपासून घ्यावे. १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल आणि शेवटी सोनेरी पट्टा) एलईडीच्या धन टोकाशी ओळीत जोडा, १२ व्होल्ट द्या आणि मल्टिमीटरने बटणाच्या धन आणि ऋण टोकांमधले व्होल्टेज मोजा. लाल बटणावर सुमारे २ किंवा निळ्यावर सुमारे ३ व्होल्ट दिसले, तर आत रेझिस्टर नाही. आकडा ७ च्या आसपास आला, तर आत साधारण तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर आहे आणि बाहेरून आणखी काही लावण्याची गरज नाही. मल्टिमीटरच्या डायोड-चाचणीवर या कामासाठी विसंबू नये. निळी किंवा पांढरी एलईडी उजळण्याइतके व्होल्टेज पुष्कळ मीटर त्या चाचणीत देतच नाहीत आणि चांगले बटण मेलेले वाटते.

रेझिस्टर नसलेल्या बटणांचे गणित सोपे आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीवर पडणारे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्या आकड्याला हव्या असलेल्या विद्युतप्रवाहाने भागावे. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट, तर निळ्या व पांढऱ्या एलईडीवर ३ ते ३.४ व्होल्ट पडतात. बारातून दोन गेले, दहा उरले. १० मिलिअँपिअर हवे असतील तर उत्तर १ किलोओहम येते आणि बहुतेक ठिकाणी हेच उत्तर सांगितले जाते. पण बॅटरीवर १२ लिहिलेले असले तरी शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होत असताना तिच्यावर १४.४ व्होल्टपर्यंत असतात, आणि हिशेब नेहमी या मोठ्या आकड्याने करावा. तेव्हा त्याच रेझिस्टरमधून १२.४ मिलिअँपिअर जातात आणि त्यात ०.१५ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा रेझिस्टर ती सोसतो खरा, परंतु वैशाखात पत्र्याखालच्या बंद पेटीत त्याला इतके तापवत ठेवणे मला पटत नाही.

म्हणून मी २.२ किलोओहम सुचवेन (लाल, लाल, लाल, सोनेरी). लाल एलईडीतून १४.४ व्होल्टला साडेपाच मिलिअँपिअरच्या आसपास जातील, उष्णता निम्म्याहून कमी होईल, आणि आपल्या डोळ्यांना निम्मा प्रवाह म्हणजे निम्मा उजेड असे जाणवत नसल्यामुळे दिव्यातला फरक फारसा कळणारही नाही. पाहुण्यांच्या खोलीत रात्री तर निळी एलईडी एवढ्या प्रवाहालाही डोळ्यांत खुपते; तिथे ४.७ किलोओहम लावावा. आत रेझिस्टर असलेल्या बटणाचा उजेड कमी करायचा असेल, तर हाच रेझिस्टर बाहेरून ओळीत जोडता येतो.

बॅटरीच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. अंधारात सापडावीत म्हणून सहाही बटणे कायम उजळती ठेवली आणि प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला जवळजवळ दीड अँपिअर-तास नुसत्या बटणांवर जातात. सात अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीला हे परवडणारे नाही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती, हे लक्षात घेता बॅटरीची पेटी वादळानंतरच्या आठवड्याचा विचार करूनच बांधावी.

एकच रेझिस्टर सहा बटणांना चालणार नाही. लाल आणि निळी एलईडी एका रेझिस्टरवर समांतर जोडली, तर लाल एलईडी त्या जोडावरचे व्होल्टेज २ वर धरून ठेवते आणि निळीला लागणारे ३ व्होल्ट कधी मिळतच नाहीत; लाल उजळते, निळी काळी राहते. एकाच रंगाची बटणे असली तरी प्रवाह सारखा वाटला जात नाही, आणि एक बटण बंद केले की दुसऱ्याचा उजेड वाढतो. दोन-चार रुपयांच्या वस्तूत ही काटकसर करू नये. रेझिस्टर धन बाजूला असो की ऋण, फरक पडत नाही. सगळ्यांना एकाच बाजूला लावले की पुढे दुरुस्ती करणाऱ्याचा गोंधळ होत नाही, एवढेच.

एलईडीचे धन टोक रेझिस्टरमार्फत स्विचच्या एनओ टोकाला (नॉर्मली ओपन, म्हणजे बटण चालू केल्यावरच जोडल्या जाणाऱ्या टोकाला) जोडले, तर उपकरण चालू असतानाच दिवा लागतो. सी टोकाला, म्हणजे जिथे बॅटरीची धन तार येते तिथे जोडले, तर तो कायम लागतो. पंप थेट बटणावर चालवू नये, त्याचा सुरुवातीचा प्रवाह या संपर्कांना झेपत नाही. बटणाने रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चालवावा आणि रिलेच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीवर, १एन४००७ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) उलटा लावावा, त्याचा रुपेरी पट्टा धन बाजूला. हा डायोड नसेल तर रिले सुटताना कॉइल उलट्या दिशेने मोठा झटका देते, आणि एलईडी उलट दिशेने साधारण ५ व्होल्टच सहन करते. त्या झटक्याला आपला रेझिस्टर पुरा पडेल असे समजू नये.

आता खाऱ्या हवेविषयी, कारण आपल्याकडे ओहमच्या चुकीपेक्षा तिनेच जास्त बटणे जातात. बटणावर आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेले असले तरी ते संरक्षण पुढच्या तोंडाला असते. मागची टोके उघडीच असतात. ज्या धन टोकावर चोवीस तास व्होल्टेज असते, ते दमट मिठामुळे आधी खाल्ले जाते आणि तिथल्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो. म्हणून रेझिस्टरची तार टोकाच्या भोकातून ओवून, आकडीसारखी वळवून मग डाग द्यावा (सोल्डर करावे). सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर आतले प्लास्टिक मऊ होऊन टोक कलते. त्यावर रेझिस्टरसकट हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवावी. तार कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर तीच घ्यावी.

पावसाळ्यात तुमच्या एलईडी दिव्यांची बटणे बंद असूनही मंद लुकलुकताना दिसू शकतील, कारण दमट मिठातून बंद स्विचच्या टोकांमध्ये थोडा प्रवाह गळतो. पंखा किंवा रिले असलेल्या बटणावर ही गळती कॉइलमधून निघून जाते, पण एलईडी दिवा तिला वाट देत नाही आणि ती बटणातल्या एलईडीतून वाहते. तिला उजळायला अगदी क्षुल्लक प्रवाह पुरतो. अशा बटणाच्या धन व ऋण टोकांवर आडवा, म्हणजे एलईडीला समांतर, १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. तो गळती पिऊन टाकतो आणि चालू असताना लाल एलईडीच्या वाट्याचे जेमतेम ०.२ मिलिअँपिअर घेतो.