खुब्याची वाटी बांधायची की नुसता शेक? आमचा अनुभव

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आई 64 वर्षांच्या, सात वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर, आता त्याने उजव्या खुब्याची वाटी (मांडीच्या हाडाचा गोळा बसतो ती कमरेच्या हाडातली खोबण) पोखरलीय. एक डॉक्टर म्हणतात नुसता शेक (म्हणजे रेडिएशन) द्या, दुसरे म्हणतात सळया, सिमेंट आणि जाळी घालून वाटी नव्याने बांधू. आणि तुम्ही विचारताय, ‘पसरलाच आहे तर एवढी चिरफाड कशाला?’ तीन वर्षांपूर्वी बायकोसाठी मीही रामबागेतल्या घराच्या ओट्यावर बसून हेच म्हणत होतो.

आधी आजचं काम. निर्णय होईपर्यंत त्या पायावर भार नको. वॉकर आणा, संडासाला कमोडची खुर्ची लावा. वाटीचा तळ फुटला की मांडीच्या हाडाचा गोळा आत कटिपोकळीकडे सरकतो, मग तेच ऑपरेशन दुप्पट अवघड होतं. आई गुंगीत वाटल्या, सारखी तहान लागली, पोट साफ होईना, तर त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. हाडांत पसरलेल्या कॅन्सरात ते वाढू शकतं आणि घरचे ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देतात.

आता दुखण्याकडे नीट बघा. रात्री पडल्या पडल्या ठणकतं, की पाऊल टेकल्यावरच जांघेत कळ येते? ठणका गाठीचा असतो, त्याला शेकाने बऱ्याच जणांना आराम पडतो. पाऊल टेकताना येणारी कळ मात्र बांधकाम खचल्याची. शेक गाठ मारेल, ढासळलेली भिंत उभी करणार नाही. आमच्याकडे नेमकी हीच कळ होती आणि सहा आठवडे ‘नस दबलीय’ म्हणून पाठीचे एक्सरे आणि कमरेला ताण देणं चाललं होतं. जांघेत दुखणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटच्या खुब्याचा एक्सरे काढायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मी पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे सर्जननी कागदावर चित्र काढलं तेव्हा ते चटकन कळलं. साध्या खुबा बदलण्यात नवी वाटी चांगल्या हाडात ठोकून बसवतात आणि पुष्कळदा हाड तिच्यात वाढून तिला धरतं. इथे धरायला हाडच नाही आणि शेक दिलेलं हाड वाढेल याचा भरवसा नाही. म्हणून वरच्या, कमरेच्या शाबूत हाडातून जाड सळया खाली पोकळीत उतरवायच्या, गाठ खरवडून काढायची, सिमेंट भरायचं, लागली तर धातूची जाळी बसवून तिच्यात वाटी रोवायची. भार सळयांवरून वरच्या चांगल्या हाडात जातो. आरसीसीच म्हणा ना! अमेरिकेतले सर्जन हॅरिंग्टन यांनी 1981 साली ही पद्धत मांडली, आजही थोड्याफार फरकाने हीच चालते. सिमेंट टेबलावरच घट्ट होतं, त्यामुळे हाड जुळायची वाट बघावी लागत नाही. आमची मंडळी तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली.

या ऑपरेशनने आयुष्य वाढवायचं नसतं, उरलेलं अंथरुणावर जाऊ द्यायचं नसतं. म्हणून तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा: पुढे औषधं शिल्लक आहेत का, हातात महिने आहेत की आठवडे? आठवडेच असतील तर मी नको म्हणेन. पण स्तनाचा कॅन्सर फक्त हाडांतच असेल तर माणसं पुष्कळदा वर्षंच्या वर्षं काढतात, आणि तेवढा काळ पलंगावर फार मोठा होतो. मधला मार्गही आहे, सुईतून सिमेंट भरायचा, सोबत स्क्रू टाकून किंवा न टाकता. भोक लहान असेल, तब्येत मोठं ऑपरेशन सोसणारी नसेल तर त्याबद्दल जरूर विचारा.

धोके लपवत नाही. रक्त बरंच जातं (मूळ गाठ किडनीची किंवा थायरॉइडची असली तर आधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करून घेतात, स्तनाच्या गाठीत सहसा लागत नाही). खुबा निखळणं, जंतुसंसर्ग, पायात गुठळी, हे तिन्ही सर्जननी आम्हाला आधीच सांगितलं होतं. आमची जखम तीन आठवडे पाझरत राहिली, त्यामुळे नंतरचा शेक लांबला. शेक जखम भरल्यावरच देतात.

हाडं टिकवायचं झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. इंजेक्शनं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. आमच्याकडे एक दाढ आधीच काढली, वाचलो.

दुसरं मत घ्यायला इंदुरात फिरा किंवा रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जा, पण कॅन्सरचीच हाडं करणारा सर्जन शोधा. गुडघे-खुबे रोज बदलणाऱ्याला हे काम रोजचं नसतं. त्यांना एकच विचारा: ‘माझ्या आईच्या उजव्या पायाचा भार नेमका कोणत्या हाडावर जाणार?’ बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आणि सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडी बरोबर ठेवा. आम्ही ती घरी विसरलो होतो, एक अख्खी खेप वाया गेली.