"मी बी पंधराव्या वर्षीच बाळंत झाले"

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. जोडपं म्हणजे एक कोयता, मजूर मोजायचं एक माप, त्यामुळे त्याआधी घाईघाईत लग्नंही उरकतात. मागच्या मोसमाआधी एक मावशी लेकीला घेऊन माझ्याकडे दवाखान्यात आली. लेकीला सोळा पुरी नव्हती, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे रक्त बरंच कमी.

"मॅडम, मी बी पंधराव्या वर्षीच बाळंत झाले. मला काय झालं? रक्ताच्या गोळ्या द्या म्हंजे झालं."

हे मी नेहमी ऐकते. खोटंही नाही; पुष्कळ मुली सुखरूप सुटतात. पण गोळ्यांनी रक्त वाढतं, कमरेचं हाड नाही. पाळी आली तरी ते पुढं काही वर्षं रुंदावत असतं. तोवर बाळाचं डोकं अडायची भीती जास्त. पोरीचं अंग वाढीला लागलेलं आणि बाळही तिच्याच ताटातलं जेवणार; म्हणून मूल दिवस भरण्याआधी येतं, नाहीतर अडीच किलोच्या आत भरतं. रक्तदाब चढून झटके येण्याचा धोकाही या वयात अधिक. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडावर सूज दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

"मावशी, तुमची लेकरं किती?"

"तीन हायेत." मग जरा थांबून, "पहिलं सातव्या महिन्यातच झालं. आठ दिवसांनी गेलं."

लेकीनं मान वर केली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

मग मावशींना बाहेर बसवलं. पोरगी पहिल्यांदा बोलली ती एवढंच, "पोलीस येतील का?" मी लपवत नाही. वय अठराच्या आत, म्हणजे पोक्सोखाली, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं. पण या धास्तीनं मुली नाव नोंदवत नाहीत, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, बाळंत होतात, आणि तिथं रक्तस्राव सुरू झाला की करणार काय? अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा कायदेशीर मार्ग असतो, त्याला पालकाची संमती लागते आणि वीस आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मतही, हेही सांगितलं. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले. तिला कुणी काही विचारलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. मूल ठेवायचं, तपासण्या करायच्या, कारखान्यावर न जाता आजीकडं राहायचं, असं पोरीनं ठरवलं होतं. मावशी कबूल होती, पण दारातून परत वळली.

"मॅडम, मुकादमाची उचल घेतलीय दोघांच्या नावानं. ती कोण फेडणार?"