बेळगावात गल्लीतली मांजरं फार वाढलीत. पकडून लांब सोडावीत की नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं? आणि पकडायची कशी?

तुम्ही लिहिलंय की शहापुरातल्या तुमच्या गल्लीत वर्षभरात मांजरं तिप्पट झाली. शेजारी म्हणतात, पोत्यात घालून नदीकडेला सोडून येऊ. तुम्हाला ऑपरेशन करून घ्यायचंय, पण एकही मांजर हाताला लागत नाही.

पोत्याचा विचार आधी सोडा. अनोळखी जागेत सोडलेलं मांजर बहुतेक वेळा उपासमारीनं, कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जातं. जनावराला उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे करून गल्ली रिकामीही राहत नाही. खाणावळीचं खरकटं, मासळीवाल्याची घाण, गोदामातले उंदीर जिथल्या तिथेच असतात, म्हणून शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन ती जागा धरतात.

ऑपरेशनची सुरुवात भाट्यांपासून, म्हणजे माद्यांपासून करा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. ६३ ते ६५ दिवसांत विते, तीन ते पाच पिल्लं देते आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. दहा बोक्यांपैकी नऊ कापले आणि एक राहिला, तरी तो एकटा सगळ्या भाट्यांना पुरतो. बोके केल्यानं रात्रीची भांडणं आणि दारावर मुतल्याचा तो उग्र वास कमी होतो, म्हणून तेही करायचेच, पण संख्या भाट्यांवर ठरते. कापलेला बोकाही पुढचे काही आठवडे गाभण करू शकतो, तेव्हा लगेच शंका घेऊ नका. निम्म्या भाट्या करून दम घेतला तर उरलेल्या निम्म्या सहा महिन्यांत केलेलं सगळं पुसून टाकतात. एक गल्ली धरली की ती संपवूनच दुसरीकडे जायचं.

वेळ म्हणाल तर दिवाळी ते संक्रांत. त्यानंतर दिवस मोठा व्हायला लागतो आणि भाट्या जोरात ओरडायला लागतात. मृगापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे अंगण वाळत नाही, जखम ओली राहते, पिंजऱ्यात बसलेलं मांजर भिजून गारठतं. त्या दिवसांत फारच गरज असेल तरच हात घाला.

पहिला आठवडा फक्त मोजणी करा. रोज संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागी खायला घाला आणि मोबाईलवर फोटो काढून वहीत नोंद ठेवा. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, तांबडं बहुतेक वेळा बोका. मोठ्या बोक्याचे गाल फुगलेले दिसतात. गल्लीत दूध घालणाऱ्या एखाद्या आजी असतातच, त्यांना आधी विचारा. कुठली भाटी कुणाच्या माळ्यावर व्याली हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. शिवाय उद्या 'आज खायला घालू नका' असं त्यांनाच सांगावं लागणार आहे. गल्लीत कागद लावायचा असेल तर कानडी आणि मराठी दोन्हीत लावा, म्हणजे गैरसमज कमी होतात.

पिंजरा लावायच्या आधी डॉक्टरांची तारीख पक्की करा. शनिवारी रात्री भाटी पकडली आणि रविवारी दवाखाना बंद, हा घोळ फार होतो. सरकारी पशु आस्पत्रेत विचारा, खाजगीत विचारा, आणि हे स्पष्ट विचारा: रानटी मांजराला पिंजऱ्यातूनच भुलीचं इंजेक्शन देता का? टाके विरघळणारे घालता का? वेदनाशामक आणि रेबीजची लस त्याच वेळी देता का? भाटीला कुशीतून छेद देता का? गल्लीतल्या मांजराला कुशीतला छेद मला बरा वाटतो, कारण लांबून जखम दिसते आणि पाजणाऱ्या भाटीच्या सडांना धक्का लागत नाही. पण डॉक्टरांचा हात पोटाच्या मधल्या छेदावर बसलेला असेल तर त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू द्या.

पिंजरा उद्यमबागेतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. लांबी ८० ते ९० सेंटिमीटर, रुंदी २५ ते ३०, उंची ३० ते ३५. जाळी बारीक भोकांची घ्या, मोठ्या भोकांत पंजा आणि दात अडकतात. पाय पडला की दार पाडणारी पट्टी अगदी मागच्या बाजूला हवी, नाहीतर दार शेपटीवर किंवा पाठीवर पडतं. पडलेलं दार आपोआप अडकलं पाहिजे, कारण मांजर डोक्यानं ते वर ढकलतं. मागं सरकतं दार असेल तर सोडताना हात आत घालावा लागत नाही. उंदराच्या पिंजऱ्याचा काही उपयोग नाही.

दार सुतळीनं बांधून उघडं ठेवा आणि तीन-चार दिवस खाणं आतच द्या. पकडायच्या आदल्या दिवशी अख्ख्या गल्लीत खाणं बंद. एका घरानं जरी दुधाची वाटी ठेवली तरी पिंजऱ्याकडे कुणी फिरकत नाही. आमिषाला तारली, बांगडा किंवा भाजलेली सुकट, वास लांबवर जाईल असं काहीही. चमचाभरच, पट्टीच्या पलीकडे, कागदावर. वाटी नको, धडपडीत लागते. पट्टीवर वर्तमानपत्र पसरा, पायाला तार लागली की सावध मांजर मागं फिरतं. दार पडल्याबरोबर जाड चादर टाका. अंधार झाला की दोन मिनिटांत आपटणं थांबतं. पिंजरा लावून घरी जाऊ नका, कोपऱ्यावरून नजर ठेवा. कुत्री येतात, पोरं काड्या घालतात.

शेवटी एक-दोन हुशार उरतातच, पिंजरा बघून लांबूनच बसतात. त्यांच्यासाठी कोंबड्यांवर घालायच्या डालग्यासारखी मोठी जाळीची चौकट काठीवर टेकवायची, खाली मासळी ठेवायची आणि लांबून दोरी ओढायची. चौकट जड हवी, हलकी असेल तर मांजर उचलून पळतं.

भाटी पकडल्यावर चादर जरा वर करून पोट बघा. सड मोठे, लालसर आणि भोवतीचे केस झिजलेले दिसले तर तिची पिल्लं कुठंतरी आहेत: कौलाखाली, जळणाच्या ढिगात, वडगावकडे असाल तर विणकरांच्या मागाच्या शेडमध्ये. पिल्लं अगदी लहान असतील तर सोडून द्या आणि ती पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर पुन्हा पकडा. ती पुन्हा सापडणारच नाही अशी असेल तर डॉक्टरांना पहिला नंबर तिचा लावायला सांगा आणि पूर्ण शुद्धीवर आली की त्याच दिवशी सोडा.

ऑपरेशनआधी मोठ्या मांजराला आठ ते बारा तास उपास चालतो. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका, साखर उतरते. भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक साधारण एक सेंटिमीटर सरळ कापून घ्या. लोक क्रूरता म्हणतील, तेव्हा त्यांना कारण सांगा: ही खूण नसेल तर तीच भाटी पुन्हा पकडून तिचं पोट पुन्हा उघडलं जातं.

भूल उतरताना सर्वात जास्त लक्ष हवं. मांजर कुशीवर, मान सरळ, तोंडाखाली काही नाही. भुलीत डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात, म्हणून डोळ्यांचं मलम घालायला सांगा. अंग पटकन थंड पडतं आणि बेळगावची डिसेंबरची रात्र काही साधी नसते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा, थेट अंगाला नको. नीट उभं राहीपर्यंत पाणी किंवा खाणं नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा जखमेतून रक्त ठिबकत राहिलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बोका एक दिवस ठेवा, भाटी दोन ते तीन दिवस. मग जिथून पकडलं तिथंच, पिंजऱ्याचं दार रस्त्याच्या उलट बाजूला करून उघडा.

मांजराला माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीही जीव घेते. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडीचं औषध लावू नका. पिंजरा फिनेल किंवा डेटॉलनं धुवू नका, दोन्ही मांजराला विषारी आहेत. साबणानं धुऊन पातळ ब्लीच दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. पिल्लांना पटापट मारणारा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू पिंजऱ्यात महिनोन् महिने टिकतो, तो ब्लीचनं मरतो.

चावलं किंवा ओरबाडलं तर नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजची लस सुरू करा. हे काम नेहमी करायचं ठरवलं असेल तर प्रतिबंधक डोस आधीच घेऊन ठेवा.

गल्ली पूर्ण झाली तरी वही बंद करू नका. संध्याकाळच्या खाण्याला कान न कापलेलं नवं मांजर दिसलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांची तारीख घ्या.