९.९ ची मोटर १५ ची होईल का?

प्रश्न : देवबागला आमची १६ फुटी फायबरची होडी आहे. तिला ९.९ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर आहे. तीन माणसे आणि जाळी घेऊन कर्ली खाडीच्या मुखातून ओहोटीच्या वेळी आत येताना होडी जागची हलत नाही. हेड (सिलिंडरचे झाकण) घासून व मोठा कार्ब्युरेटर बसवून १५ अश्वशक्ती मिळेल, असे एक मिस्त्री सांगतात. करावे का?

उत्तर : मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे आहे. काही कंपन्यांच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या मोटरींत सिलिंडर व पिस्टन एकच असून फरक मुख्यतः कार्ब्युरेटर आणि हवेच्या वाटेत असतो. आपले मॉडेल तसे आहे का, हे दोन्हींच्या पार्ट्स कॅटलॉगमधील नंबर ताडून पाहावे. हेड मात्र घासू नये. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या, आतल्या वाटांत मीठ साचलेल्या मोटरीत पिस्टन जळायला वेळ लागत नाही.

पण त्याआधी, आहे ती शक्ती पाण्यात पुरती उतरते का, ते बघा. नेहमीचे वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) लावावा. या वर्गातील बहुतेक मोटरींचे फेरे तेव्हा मिनिटाला ५००० ते ६००० असावे लागतात. ते ४३०० वरच अडकत असतील, तर पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंचाने उतरवला की साधारण २०० फेरे वाढतात, म्हणून ५००० च्या वर जायला आपल्याला साधारण चार इंच कमी पिचचा पंखा लागेल. आपली अडचण ओढीची आहे, वेगाची नाही. त्यामुळे माझा कौल पंख्यालाच आहे.

शिवाय भरलेली होडी पाण्यावर उचलली जात नसेल, तर १६ फूट जलरेषेला (पाण्याला टेकलेल्या लांबीला) तिचा वेग साधारण साडेपाच नॉटच्या, म्हणजे तासाला दहा किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे वाढवलेली शक्ती बरीचशी लाट उठवण्यातच जाते, आणि पेट्रोल मात्र जळत राहते.

शेवटी मोटर वाढवायचीच ठरली, तर जिच्यावर ती बसते ती मागची फळी तेवढा जोर सोसेल का, हे होडी बांधणाऱ्याला विचारावे, आणि नोंदणी व विम्याच्या कागदांवर नवी अश्वशक्ती लिहून घ्यावी. नव्या पंख्याची पहिली चाचणी खाडीच्या आत, पाणी थांबलेले असताना घ्यावी, मुखाशी नको.