वासनी बरतैती!

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय : “प्रवचनात ऐकलं, वासना उरते म्हणून पुन्हा जन्म येतो, तेव्हा वासना मारा. पण ‘वासना मारणे’ हा प्रयोग बरोबर, की ‘वासना निरखणे’ म्हणावं?”

आधी एक सांगतो. ‘वासना’ म्हटलं की वर्तमानपत्रातली ‘वासनांध’ची बातमीच आठवायची, हे आता पुरे झालं. आमच्याकडे तापातून उठलेल्या म्हातारीची जेवणावर वासना नसते. तिथे कसला काम आणि कसला क्रोध?

काही विद्वान ‘मनात वसते ती वासना’ असं सांगून वस् म्हणजे राहणे या धातूवर मोकळे होतात. ऐकायला गोड, पण मला पटत नाही. मनात तर भीती वसते, पाढेही वसतात. त्यांना कोणी वासना म्हणत नाही. संस्कृत धातूंच्या दहाव्या गणात, म्हणजे गटात, ‘वास’ हा वेगळा धातू आहे. वासयति म्हणजे सुगंधित करतो. सुवासिक, अधिवास (राहण्याचा नव्हे, सुगंध देण्याचा), आपला बासमती, सगळे या घरचे. (सुवासिनीला यात ओढू नका, ती राहण्यातलीच.)

आणि पुरावा बेळगावच्या बाजारात रोज मिळतो. मोगऱ्याची टोपली हुंगून कन्नड बाई म्हणते, “छलो वासनी बरतैती!” म्हणजे छान वास येतोय. कन्नडात वासने म्हणजे सरळ वास. मराठीने गंध ‘वास’कडे ठेवला आणि ‘वासने’कडे नुसती इच्छा उरली.

सांख्य दर्शनाचा ग्रंथ सांख्यकारिका, त्याच्या चाळिसाव्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, जन्मोजन्मी फिरणाऱ्या लिंगशरीराला (सूक्ष्म शरीराला) ‘भावैरधिवासितम्’, भावांनी गंधाळलेलं, म्हटलंय. त्यावर टीकाकार वाचस्पतिमिश्र दाखला देतात तो चाफ्याच्या सहवासाने गंधाळलेल्या वस्त्राचा! गीतेच्या पंधराव्या अध्यायातही जीव इंद्रियं घेऊन निघतो तो वाऱ्याने गंध न्यावा तसा. ‘वसण्या’वाल्यांनी या दोन जागांचं काय करायचं ते सांगावं.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातलं मांजर तर मला फार आवडतं. मांजराचा जन्म मध्ये शंभर जन्म पडून पुन्हा आला, तरी मांजरपणाच्या जुन्या वासना तत्काळ जाग्या होतात. उंदरामागे धावायला कोणी शिकवावं लागत नाही. उपजत खोडीची पुनर्जन्माच्या अंगाने याहून नेमकी मांडणी मी वाचलेली नाही. सहज प्रवृत्ती म्हणून आज जे शिकवतात, ते या मांजराशी जुळतं. फक्त मागचे शंभर जन्म गाळून.

हां, क्रियापद. ‘निरखणे’ला आधार भक्कम आहे : ‘संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्’, योगसूत्र ३.१८. आत पडलेले ठसे प्रत्यक्ष पाहिले की मागचा जन्म कळतो, असं पतंजली म्हणतात. ‘मारणे’ मात्र कानाला खुपतं. कर्नाटकातल्याच विद्यारण्यांच्या ‘जीवन्मुक्तिविवेका’त प्रकरणांची नावं बघा : मनोनाश, पण वासनाक्षय. मनाला नाश दिला आणि वासनेला क्षय. गंध विरतो, त्याला मारणार कसा?