एजंटाला चार लाख देण्याआधी

बाळा,

तुझी आई आणि मी औशाच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तू मला मावशी म्हणतोस, तर मीही मावशीच्या हक्कानं लिहिते.

तू कळवलंस ते असं. लातूरच्या पुरणमल लाहोटी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा झाला. 2025च्या सप्टेंबरात सीना फुगली, परंडा तालुक्यात घरात पाणी शिरलं, तेव्हा पंचनाम्याच्या पथकाबरोबर तू पंधरा दिवस टेप घेऊन फिरलास. आता एक एजंट म्हणतोय की अमेरिकेत वादळानंतर पडझड बघणाऱ्यांना घरामागं डॉलर मिळतात, चार लाख द्या, व्हिजा माझ्यावर सोडा. वडील दोन एकर गहाण टाकायला तयार झालेत. येऊ का?

त्या माणसाला एक रुपया देऊ नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण एवढं आजच्या आज घरी सांग.

परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडं नोंदणी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, तिथं त्याचं नाव शोध. नोंदणी असली तरी त्याला 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. चार लाख मागतो तिथंच त्याचा हिशोब कळला.

दुसरं, या कामासाठी वेगळा व्हिजा नसतोच. इथं घरांची पाहणी मुख्यतः दोन प्रकारची. एक फेमाची. फेमा म्हणजे इथल्या केंद्र सरकारची आपत्ती यंत्रणा. तिचे पाहणी करणारे बरेच जण कंत्राटदार कंपन्यांमार्फत नेमलेले असतात. दुसरी विमा कंपन्यांची, त्या माणसाला अ‍ॅडजस्टर म्हणतात. मी हे दुसरं काम करते. यातले पुष्कळ जण कुणाचे नोकर नसतात. वादळ आलं की बोलावणं येतं, घरामागं किंवा दाव्यामागं पैसे मिळतात, काम संपलं की घरी. असल्या कामासाठी तुला लातुराहून कोण आणणार? एच-वन-बी म्हणजे शिकलेल्या माणसांसाठीचा नोकरीचा व्हिजा, त्याला पाठीशी कंपनी लागते, साधारण चार वर्षांच्या पदवीइतकं शिक्षण लागतं, तुझा नुसता डिप्लोमा त्यात बसत नाही. त्यातही चिठ्ठ्या निघतात, वर्षाला 85,000 जागा. 2025च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं बाहेरून नवा माणूस आणणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं ते वेगळंच. आणि आलास तरी ज्या कंपनीनं आणलं तिचंच काम करता येतं, स्वतंत्र पाहणी नाही. पर्यटक व्हिजावर येऊन गुपचूप काम करायचं कुणी सुचवलं, तर त्याला दारातूनच परत पाठव. एकदा तसं सापडलं की पुढचे सगळे व्हिजा अडतात.

मग मावशी कशी करते, असं तुझ्या मनात येईल. मी 2009 मध्ये लग्न करून ह्यूस्टनला आले, नवऱ्याच्या व्हिजावर. सहा वर्षं कामाची परवानगी नव्हती. डिग्री कपाटात आणि मी स्वयंपाकघरात. ती वर्षं मला फार जड गेली, तुझ्यापासून का लपवू. 2015 मध्ये नियम बदलला, ग्रीन कार्डच्या रांगेत पुढं सरकलेल्यांच्या बायकांना कामाची परवानगी मिळू लागली, मलाही मिळाली. ग्रीन कार्ड हातात पडलं 2022 मध्ये, अर्जानंतर दहा वर्षांनी. माझा रस्ता लग्नातून आला, तो काही तुला सांगण्यासारखा मार्ग नाही.

2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी नेत होते आणि मी इथं बसून त्या बातम्या बघून रडले होते. पुढच्याच वर्षी, 25 ऑगस्टला, हार्वी वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं. नेदरलँड नावाच्या गावी 60 इंचांहून जास्त पाऊस पडला. आपल्या लातूरचा साधारण दोन वर्षांचा पाऊस काही दिवसांत. विमा कंपन्यांना माणसं कमी पडली, अनुभवी लोकांच्या हाताखाली नवे घेऊ लागले. तशी मी या कामात शिरले, मग टेक्सासचा परवाना काढला.

आता काम कसं असतं ते सांगते, कारण त्या एजंटानं तुला फक्त डॉलर सांगितलेत.

इथली घरं आपल्यासारखी विटा-सिमेंटची नसतात. लाकडाचा सांगाडा, आतून ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे कागद लावलेले तक्ते, दोन्हींच्या मध्ये गुलाबी कापसासारखं इन्सुलेशन. घरात एक फूट पाणी आलं तरी ड्रायवॉल ते दिव्याच्या वातीसारखं वर ओढतो. भिंतीवर पाण्याची रेघ गुडघ्याखाली दिसते आणि आत ओल मांडीपर्यंत चढलेली असते. म्हणून ओलावामापक यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचत टोचत वर जायचं, जिथं कोरडं लागेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. तक्ता बहुतेक चार फूट रुंद आणि आडवा लावलेला, म्हणून पुष्कळदा चार फुटांपर्यंतचा सगळा कापून काढावा लागतो. एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. तो वास कपड्यांतून जात नाही.

प्रत्येक खोली मोजायची, फोटो काढायचे, फ्रिजचा नंबर टिपायचा, सगळं एक्झॅक्टिमेट नावाच्या प्रणालीत भरायचं. शिडी आपली, गाडी आपली, पेट्रोल आपलं, मुक्कामाचं भाडंही बहुधा आपलंच. वादळं जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, एखादं वर्ष कोरडं गेलं की कमाई नाही. जे येतं त्यातून 15.3 टक्के स्वयंरोजगाराचा कर, वर उत्पन्नावरचा कर, आणि आजारपणाचा विमा स्वतःचा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे हे विम्यात बसत नाही, असं घरमालकाला सांगणं. इथल्या साध्या घरविम्यात पुराचं पाणी येत नाही, पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. सरकारी पूरविम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. हे लोकांना पाणी ओसरल्यावर कळतं. तू समोर उभा असतोस, बाई ओल्या गालिच्यावर उभी असते, आणि छपरातून आलेलं पाणी कुठलं नि दारातून आलेलं कुठलं हे तुला वेगळं करून लिहायचं असतं. किती पैसे द्यायचे ते तू ठरवत नाहीस. तरी शिव्या तुलाच.

एक घर अजून डोळ्यांपुढं आहे. म्हातारा एकटाच होता, बायको आधीच गेलेली. बैठकीची खोली त्यानं स्वतः धुऊन पुसून ठेवली होती. तेवढीच दाखवली आणि म्हणाला, झालं. मी निघताना विचारलं, काही दाखवायचं राहिलं का? तो विचारात पडला. मग गॅरेजमधलं एक कपाट उघडलं. आत पाणी तापवायची गॅसची टाकी, तिच्या झडपेच्या वर गाळाची रेघ. त्याला वाटलं, चालू आहे म्हणजे ठीक आहे. पाण्यात बुडालेली गॅसची झडप वापरायचीच नसते, बदलावी लागते. ते मी लिहिलं.

तो प्रश्न मी अमेरिकेत शिकले नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे झोपले होते. किल्लारी, सास्तूरकडं भूकंपानं काय झालं ते तुला घरोघर ऐकायला मिळालं असेल. आमचं गाव थोडं बाजूला, म्हणून आम्ही वाचलो. मी चौथीत होते. आमचं घर माळवदाचं, मातीत बांधलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती, वर मातीचा थर. काही दिवसांनी एकजण मोजायला आला. ओट्यावरून आत डोकावला, समोरच्या भिंतीच्या तड्यात दोन बोटं घातली, वहीत लिहायला लागला. माझी आजी म्हणाली, "सायेब, कणगीच्या मागं बी बघा की." त्यानं हातानंच बास म्हटलं. कागदावर आलं, किरकोळ तडे. कणगीमागं भिंतीला पोट सुटलं होतं. असल्या भिंतींचा आतला थर बाहेरच्याला धरून नसतो, आरपार दगड घातलेले नसतात, म्हणून एक थर सुटून येतो. पुढच्या पावसाळ्यात तो कोपरा बसला. आजी तेव्हा अंगणात होती म्हणून वाचली.

आता तुझ्या वहीकडं बघ. तुझ्या पंचनाम्याच्या वेळच्या आपत्तीच्या निकषात मैदानी भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार. अंशतः, म्हणजे निदान 15 टक्के पडलं, तर 6,500. त्याच्या खाली काही नाही. 14 की 15, हे कणगीमागं वाकून बघितल्याशिवाय कसं ठरणार? तू विचारलंस, गावाकडच्या पंचनाम्याच्या अनुभवाला अमेरिकेत किंमत आहे का. मी म्हणते, तू जे पंधरा दिवस केलंस तेच हे काम आहे. तिकडं गावाला तुझी गरज माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी मनापासून सांगते.

तरी यायचंच असेल तर घाई सोड. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घे, बीई पूर्ण कर. पुढं इथं एमएस करता येईल. ते महाग आहे, पण रीतसर आहे, आणि त्यातून आधी बांधकाम किंवा संरचनेच्या कंपनीत नोकरी लागते, पाहणी नंतर. दरम्यान भारतातला विमा सर्व्हेअरचा, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्याचा, परवाना बघ. तो आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, देतं, त्याला परीक्षा आहे, प्रशिक्षण आहे. अटी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाच, कुणाच्या तोंडून ऐकू नकोस. मराठवाड्यात पूर, गारपीट, वीज, सगळंच होतं, आणि नुकसान नीट लिहिणारा माणूस क्वचित भेटतो.

वडलांना माझं पटणार नसेल तर रविवारी सकाळी आठला मला फोन लाव. इथं शनिवारची रात्र असते, मी जागीच असते. फोन त्यांच्या हातात दे, जमिनीचं मी बोलते.

तुझी मावशी