केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून प्राध्यापक होण्यात करिअर आहे का?

मुलगी बी.टेक. झाली, हातात नोकरी असताना पीएचडीला जायचं म्हणते आणि 'शेवटी मास्तरकीच ना?' असं तुम्ही विचारलंय. बावीस वर्षं मी हीच मास्तरकी करतोय. शिकवणं त्यात निम्मंच.

उरलेल्या निम्म्यात काय करतो? उदाहरण देतो. टाकीत वायूचे बुडबुडे सोडले तर वायू आणि द्रव एकमेकांना नेमके किती चौरस मीटर भिडतात? त्यावर अख्खी रिअ‍ॅक्टरची (रासायनिक क्रिया घडवायच्या टाकीची) रचना ठरते, पण बुडबुड्यांना पट्टी कशी लावणार? मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि किती शोषला गेला ते ब्युरेट घेऊन टायट्रेशनने, म्हणजे उरलेला सोडा थेंबाथेंबाने आम्ल घालून मोजून, काढायचं. एका चौरस सेंटिमीटरमधून तो किती वेगाने शिरतो हे आधीच मोजलेलं असतं. भागाकार केला की क्षेत्रफळ हातात! मला आजही यात गंमत वाटते.

ही रासायनिक पद्धत नावारूपाला आणणाऱ्यांत केंब्रिजचे प्राध्यापक डँकवर्ट्स आणि त्यांचे विद्यार्थी मनमोहन शर्मा ही नावं मोठी. शर्मा मूळचे जोधपूरचे. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएचडी करून 1964 साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ते मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) प्राध्यापक म्हणून परतले. 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, 2001 मध्ये पद्मविभूषण. पण त्यांची खरी मिळकत म्हणजे विद्यार्थी. आपले माशेलकर सर आणि ज्येष्ठराज जोशी सर त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

शिवाय कारखाने दाराशी येतात. प्रयोगशाळेत चार तासांत होणारी हायड्रोजनेशनची (पदार्थाला हायड्रोजन वायू जोडण्याची) बॅच मोठ्या टाकीत दिवसभर रखडते. केमिस्ट बिचारा उत्प्रेरकाला शिव्या घालतो. झाकण उघडून पाहावं, तर ढवळायचा पंखाच असा बसवलेला की वायू खाली पोचतच नाही. अशा कन्सल्टन्सीतून पैसे मिळतात आणि पुढच्या विद्यार्थ्याला विषयही.

आता कडू भाग. 2023 पासून पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणारी ज्युनिअर फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, वर घरभाडं. चार-पाच वर्षं फेलोशिपवरच काढायची, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. प्राध्यापकांच्या कायम जागा मोजक्याच निघतात. तोवर वर्गमित्रांनी फ्लॅट घेतलेला असतो आणि नातेवाईक 'अजून शिकतेच का?' विचारून जीव खातात.

मी तरी जाऊ दे म्हणेन. फक्त गाईड निवडताना त्यांच्या नावावरचे पेपर मोजत बसू नका. त्यांच्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना चहाला न्या आणि विचारा : आधीच्या दोघा-तिघांना पीएचडीला किती वर्षं लागली आणि ते आज कुठे आहेत?